रांगोळीवर पाय ठेवत नाहीत

आमच्या घरात आजार शिरला तो फाटकासमोरच्या रांगोळीतून. तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तर येणं शक्यच नव्हतं, कारण रांगोळीतलं मला एवढंच कळायचं की तिच्यावर पाय ठेवायचा नसतो.

एवढं मात्र माझ्या बायकोनं मला लग्नानंतर लगेच शिकवलं होतं. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात होतो आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत क्वार्टरमध्ये राहायचो. रात्रपाळी संपवून मी घरी यायचो तेव्हा बुटांना कोळशाची पूड असायची, डोळे मिटत असायचे, आणि दारात ही एवढी मोठी रांगोळी पसरलेली असायची. तिचं माहेर कुहीकडचं. धानाचं गाव, अंगणं ऐसपैस. त्यामुळे तिचा हातही मोठा. क्वार्टरसमोरची जागा जेमतेम, पण रांगोळी काही जागेपुरती थांबायची नाही. मी झोपेत असलो तरी ढांग टाकून ती ओलांडायचो. एकदा बुटाची टाच लागली आणि मोराची मान गेली, तर त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. स्वतः करून घ्या म्हणाली. मी तापट माणूस, पण त्या बाबतीत आवाज चढवायची माझी कधी हिंमत झाली नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही नागपुरात कोराडी रोडच्या बाजूला लहानसं घर बांधलं. पुढं फरशी घातलेलं अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक. ते अंगण तिनं हट्टानं ठेवायला लावलं होतं, नाहीतर मी तिथं गाडीसाठी शेड टाकणार होतो. पहिली काही वर्षं फाटकासमोर रोज ठिपक्यांची मोठी रांगोळी असायची. मग ती ताटाएवढी झाली. मग वाटीएवढी. मी चिडवायचो, "रांगोळी महाग झाली का वं?" ती म्हणायची, "वय झालं आता, कोण वाकते तेवढं." मला ते पटायचं. माझेही गुडघे दुखायचेच.

नंतर तिचं अक्षर बारीक झालं, पाऊल आखूड झालं, आवाज खाली गेला. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा कुठं आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी तिला कागदावर स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं. पहिलं नाव ठीक होतं आणि शेवटचं मुंगीएवढं. त्यांनी विचारलं, हे केव्हापासून? तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या रांगोळ्या आल्या, एकीपेक्षा एक लहान. कंपवात आहे, असं त्यांनी सांगितलं. बरा होत नाही, पण सांभाळता येतो, असंही सांगितलं.  घरी येताना रिक्षात ती थरथरणारा हात पदराखाली घेऊन बसली.

त्या हाताची तिला फार लाज वाटायची. लग्नाकार्यात गेलो की ती हात पदराखाली, नाहीतर पर्सखाली, नाहीतर माझ्या हाताखाली लपवायची. कोणी चहाचा कप पुढं केला तर घेत नसे. मी म्हणायचो, अगं, लोकांना काय पडलंय. पण लोक बघायचे हे खरं आहे. तिचा चेहराही हळूहळू स्थिर झाला होता. ती हसली तरी चेहऱ्यावर दिसायचं नाही. आमच्या नात्यातल्या एकीला वाटलं, ही रुसली आहे. मला मात्र एक खूण सापडली होती. ती मनातून हसत असली की तिचे खांदे हलायचे. मी खांद्यांकडे बघून बोलायला शिकलो.

पण खरं संकट पायांचं होतं. खोलीत चालता चालता दार आलं की तिचे पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढं जाऊ बघायचं आणि पाय तिथंच. गुडघे थरथरायचे, पावलं जागच्या जागी लुटुलुटु हलायची, पण पुढं म्हणून जात नसत. मी मागून ओरडायचो, "उचल पाय! अगं, उचल न पाय!" ती म्हणायची, "काहून ओरडून राहिले? मी का मुद्दाम करून राहिली?" मग मी हात धरून ओढायचो आणि ते आणखीच बिघडायचं. जाम झालेलं काहीही ठोकून नाहीतर ओढून सुटतं, असं माझं उभ्या नोकरीचं शिक्षण. बायको ठोकता येत नाही, म्हणून मी ओढत होतो.

एक दिवस झोपायच्या खोलीच्या दारात ती पडली. कपाळाला टेंगूळ आलं, कोपर सोललं, हाड वाचलं. मी फोनवर मुलाला सांगितलं. तो पुण्याला असतो. आठवडाभरात घरी चाकांची खुर्ची आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, चांगली भारी. त्यानं मायेनंच पाठवली होती, त्यात वावगं काहीच नव्हतं. मी ती हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवली. बायकोनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि तिच्यावर ओला टॉवेल वाळत टाकला.

"मी यात नाही बसत," ती म्हणाली.

"आत्ताच कोण बस म्हणते तुले?"

"एकदा बसली की मंग उठत नाही माणूस. तुम्ही मायावर दया करसान, पोरगं दया करन, अन् मी बसूनच राहीन." मग म्हणाली, "मले फाटकापर्यंत मायाच पायानं जाऊ द्या. कोणाचा हात न धरता. तेवढं झालं की मंग तुमाले जे करायचं ते करा."

फाटकापर्यंत म्हणजे काय, तर दोन दारं, एक व्हरांडा आणि अंगण. मी निवृत्तीनंतर सकाळी फुटाळा तलावापर्यंत स्कूटर घेऊन जायचो आणि फेऱ्या मारून यायचो, आणि हिचं सगळं जग फाटकापर्यंत येऊन थांबलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मी तिला हो म्हणालो, पण कसं ते मला काही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट सुचवली. तरुण, लग्न झालेली, स्वतःचं लहान लेकरू सासूजवळ ठेवून यायची. ती आली की घरात जरा जीव यायचा. "काकू, मोठ्ठं करा," हे तिचं पालुपद. हात मोठा फिरवा, पाऊल मोठं टाका, आवाज मोठा काढा. या आजारात माणसाला वाटतं आपण नेहमीएवढंच करतोय, पण प्रत्यक्षात सगळं आकसलेलं असतं, असं तिनं आम्हाला समजावलं. मला पण एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "काका, ओढू नका आणि ओरडू नका. थांबल्या की थांबू द्या. त्यांना काहीतरी ओलांडायला द्या, मग पाय उचलला जाईल." आजार मागं जाणार नाही आणि खुर्ची पुढंमागं लागूही शकते, हेही तिनं लपवलं नाही. पण आज पाय आहेत तर आज चालायचं, असं म्हणाली.

तिच्या सांगण्यावरून मी फरशीवर दारांच्या तोंडाशी रंगीत टेप चिकटवला, आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या. पहिले काही दिवस गंमत म्हणून बरं चाललं. पट्टी दिसली की बायको पाय उचलायची. मग डोळ्याला सवय झाली आणि ती पट्ट्यांवरून पाय घासत जायला लागली, आणि दारात पुन्हा तेच. मी आणखी जाड टेप आणला. लाल आणला. कारखान्यात धोक्याच्या जागी असतो तसा पिवळा-काळा आणला. घराचं सबस्टेशन झालं, आणि ती दारात उभी ती उभीच.

असं चाललं असताना दिवाळी आली. सडा-रांगोळी आता आमच्याकडे कामाला येणारी बाई करायची. त्या दिवशी तिला घाई होती, पुढची घरं बाकी होती. तिनं फाटकासमोर काढली आणि घराच्या मुख्य दारात उंबरठ्याच्या आतल्या बाजूलाही एक पट्टा काढून टाकला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी बायकोला दवाखान्यात न्यायला निघालो होतो. हे दार म्हणजे आमचं सर्वात अवघड दार. मी तिच्या मागं दोन्ही हात पुढं करून तयार राहिलो, पडली तर धरायला.

ती दारापाशी आली. थांबली. खाली बघितलं. आणि पाय गुडघ्यापासून वर उचलून पलीकडे टाकला. मग दुसरा. रांगोळीचा कणही न हलवता ती व्हरांड्यात उभी होती आणि मी आत हात पसरून उभा होतो.

"अवं, कशी गेलीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जसा काही मी वेडा झालो आहे. "रांगोळीवर पाय ठेवत असतात का कोणी?"

पुढं व्हरांड्यात पायरीशी ती पुन्हा अडकली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी दवाखान्यात पोचेपर्यंत रिक्षात एकटाच हसत होतो. फिजिओथेरपिस्ट आली तेव्हा आम्ही तिला हा चमत्कार पुन्हा करून दाखवला. तिनं टाळ्या वाजवल्या. "काका, टेप उपटून फेका," ती म्हणाली, "आणि रांगोळी शिका."

आता बाई दिवसातून एकदा येणार, आणि रांगोळी तर झाडू फिरला, ओला पोछा फिरला की गेली. म्हणजे काढायची मलाच. मी फुटपट्टी घेऊन बसलो. बायको पलंगाच्या कडेला बसून बघत होती. मी चिमूट घेतली आणि पट्टीच्या कडेनं ओढली, तर एका जागी ढीग आणि पुढं काहीच नाही.

"हे का करून राहिले?"

"रेघ."

"रेघ अशी असते? मुंगीचं वारूळ दिसते ते." तिचे खांदे हलत होते. "पट्टी ठेवा तिकडं. चिमटीत जास्त घेऊ नका. अंगठा घासा बोटावर, अन् हात चालता ठेवा. हात थांबला की ढीग पडतेच."

स्वतःचा हात पदराखाली ठेवून तिनं मला सगळं तोंडानं शिकवलं. अंगठा किती घासायचा, मनगट कुठं ठेवायचं, श्वास केव्हा सोडायचा. मला माहीतच नव्हतं की ती श्वास धरून रेघ ओढायची. इतकी वर्षं मी त्या रांगोळ्या ओलांडत आलो होतो आणि त्यात एवढं काही असतं हे मला तिचा हात थांबल्यावर कळलं. मला साधी आडवी रेघ जमायला हिवाळा अर्धा संपला. पण जमली. झोपायच्या खोलीच्या दारात रेघ, स्वयंपाकघराच्या दारात रेघ, न्हाणीच्या दारात रेघ. शेजारचे गृहस्थ एकदा फोनचं बिल की काय ते विचारायला आले आणि न्हाणीसमोर रांगोळी बघून काही न विचारता परत गेले. त्यांना वाटलं असेल, म्हातारपणी काहीतरी व्रत धरलं आहे. मी खुलासा केला नाही.

त्या हिवाळ्यात ती घरभर चालली. मी चहा ठेवला की स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि मी साखर जास्त टाकतो म्हणून बोलायची. त्या बोलण्याचा मला एवढा आनंद व्हायचा की मी मुद्दाम थोडी जास्त टाकायचो.

पण आमचं सुख म्हणजे उन्हाळ्यापर्यंतचं. नागपूरचा उन्हाळा आणि कूलर. खिडकीत कूलर लावला आणि चालू केला, तर पहिल्याच झोतात माझी झोपायच्या खोलीतली रेघ हॉलमध्ये गेली. दुसरी काढली, तीही गेली. कूलर बंद ठेवावा तर माणूस भाजून निघतो. मी इलाज शोधायला लागलो. बाजारात रांगोळीचे स्टिकर मिळतात, ते आणून दारादारात चिकटवले. छान दिसत होते, कमळं आणि पानं. ती सरळ त्यांच्यावर पाय ठेवून दारात अडकली. मग मी पांढऱ्या रंगाची डबी आणून ब्रशनं रेघा रंगवल्या, अगदी रांगोळीसारख्या. त्याही तिनं तुडवल्या.

मी वैतागलो. "अवं, ही बी रांगोळीच आहे न?"

"नाही," ती म्हणाली. "तिच्यावर पाय ठेवला तं काही होत नाही तिले. मंग पाय कायले उचलू?"

मी त्यावर खूप विचार केला. तिचं म्हणणं बरोबर होतं. जे मोडणारच नाही त्याला जपायचं कशाला? तिचा पाय रेघेसाठी उचलला जात नव्हता, कोणीतरी वाकून काढलेलं मोडू नये म्हणून उचलला जात होता. ते स्टिकरला कसं सांगणार?

आणि घराबाहेरचं तर वेगळंच. अंगणात वारं. शिवाय तिथं ती कुठं अडकेल याचा नेम नव्हता. कधी पायरीशी, कधी तुळशीजवळ, कधी अगदी फाटकाला हात लागता लागता. जिथं अडकेल तिथं, त्याच क्षणी, पायापुढं ताजी रेघ हवी होती. मी बरोबर असलो तर वाकून काढून देऊ शकत होतो, आणि देतही होतो. पण तिला फाटकापर्यंत एकटीनं जायचं होतं, आणि तिला वाकता येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली, आणि मला वाटलं आता जिंकलो. वायरिंगचा एक पांढरा पाइप घरात उरलेला होता. तो काठीएवढा कापला. वरच्या टोकाला रांगोळी भरायला जागा केली आणि झाकण बसवलं, खालच्या टोकाला बूच लावून त्याला बारीक छिद्र पाडलं. धरायला मूठ केली. म्हणजे उभं राहूनच पायापुढं फिरवलं की रेघ. बायको बघत बसली होती. मी पाइप भरला, अंगणात जाऊन ऐटीत फिरवला. काही नाही. झटकला, एक चिमूटभर पडली आणि बंद. छिद्र मोठं केलं, तर सगळा ढीग एकदम, आणि मग पुन्हा बंद.

मला हसूही आलं आणि रागही. उभा जन्म मी ज्याच्याशी भांडलो तेच पुन्हा समोर उभं होतं. आमच्याकडे कोळसा उंचावरच्या मोठ्या लोखंडी कोठ्यांत भरायचा आणि खालच्या तोंडातून पडायचा. पावसाळ्यात ओला कोळसा आत धरून बसायचा. वर कोठी भरलेली, खाली मात्र कण नाही. मग आम्ही घण घेऊन बाहेरून ठोकायचो. मी पाइपलाही ठोकलं, भिंतीवर आपटलं, रांगोळी चाळून घेतली, उन्हात तापवली. जोवर ठोकत होतो तोवर थोडी पडायची. पण ती एका हातानं आधार घेत चालणार, दुसऱ्यानं पाइप धरणार, ठोकणार कशानं? काही दिवस झटापट केली आणि एका दुपारी मी तो भरलेला पाइप तसाच नेऊन हॉलच्या कोपऱ्यात, चाकांच्या खुर्चीमागं टाकून दिला. त्या संध्याकाळी मी खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि प्लास्टिक थोडं फाडून बघितलं, ब्रेक कुठं आहे ते. बायकोनं ते बघितलं.  तिचे खांदे अगदी स्थिर होते.

त्यानंतरची ही सकाळ. ऊन चढायच्या आत मी दूध आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. ती तेव्हा झोपलेली होती, म्हणजे मला तसं वाटलं. परत येताना गल्लीच्या वळणावरून मला आमचं फाटक दिसलं, आणि फाटकाला धरून ती उभी दिसली.

एकटी. आजूबाजूला कोणी नाही.  ओरडणार होतो, पण ओरडलो तर दचकून पडेल, म्हणून मी दुधाची पिशवी घट्ट धरून भराभर चालत गेलो. जवळ पोचलो तेव्हा दिसलं की तिच्या उजव्या हातात तो पाइप आहे.

मग मी फाटकाच्या गजांतून आत बघितलं. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत अंगणभर रेघा होत्या. आडव्या, एकामागून एक, काही जवळ, काही लांब, जिथं जिथं तिचा पाय अडला असेल तिथं तिथं. एकही सरळ नव्हती. सगळ्या नागमोडी, कापऱ्या, तुटक तुटक. आणि एकीवरही पाय पडलेला नव्हता. फाटकाच्या बाहेर, मी उभा होतो तिथं, माझ्या चपलांपुढं, गजांतून पाइप बाहेर घालून काढलेलं एक फूल होतं. वेडंवाकडं, एक पाकळी मोठी, एक लहान. पण ताटाएवढं. वाटीएवढं नव्हतं.

मला रडू आलं. लपवण्यासारखं काही त्यात नव्हतं आणि मी लपवलंही नाही.

"यातून तं पडतच नव्हती न वं," मी म्हणालो.

"तुमच्या हातातून नाही पडत," ती म्हणाली. "तुमचा हात हालत नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घण मारून मारून थकल्यावर आमच्या त्या कोठ्यांना शेवटी थरथरणाऱ्या मोटारी बसवल्या होत्या. भिंत सारखी थरथरत राहिली की कोळसा आत धरून बसत नाही, आपोआप खाली येतो. मी स्वतः उभं राहून त्या बसवून घेतल्या होत्या. आणि घरात, माझ्या शेजारी, पदराखाली झाकून ठेवलेला तो हात होता, आणि पाय अडला, जीव घाबरला की तो तर आणखीच थरथरायचा. नेमका तेव्हाच, जेव्हा रेघ हवी असते.

मी फुलाला वळसा घालून आत आलो आणि तिच्या हातातून पाइप घेतला. मला स्वतः बघायचं होतं. माझ्या पायांपुढं धरला. काही नाही. माझा हात दगडासारखा स्थिर. एक कणही पडला नाही. तिचे खांदे हलायला लागले.

पाइप सुटताच सवयीनं पदराखाली गेलेला हात मग तिनं बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. भर उजेडात, फाटकात, समोरच्या घरातली माणसं पेपर वाचत बसली होती त्यांच्यासमोर. तिचा हात थरथरत होता, त्याच्याखाली माझा थरथरायला लागला, आणि पाइपातून बारीक धार सुरू झाली. माझ्या पायांपुढं एक कापरी पांढरी रेघ उमटली. मी त्या रेघेकडे बघतच राहिलो.

"उचला न आता पाय," ती म्हणाली.